गुहेतली आर्द्रता आणि दवबिंदू: मीटर ६० टक्के दाखवतोय म्हणून भिंत कोरडी असं नाही

गुहाचित्रांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, आत दमट आहे ना मग डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषून काढणारं यंत्र) लावा की, आणि लगेच दुसरं कोणी म्हणतं पंखे लावून हवा खेळती ठेवा. दोघांचा घोळ एकच, आर्द्रतेचा टक्का आणि दवबिंदू एकच समजून चाललेत.

टक्का म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते त्यातली किती भरलीय ते. हवामानाच्या ॲपवर रोज दिसतो, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एवढं की हवेत वाफ तेवढीच असली तरी तापमान हललं की टक्का बदलतो.

दवबिंदू म्हणजे हीच हवा गार करत नेली तर ज्या तापमानाला पाणी सुटायला लागतं ते. आणि चित्र काय हवेत टांगलेलं नसतं, ते भिंतीवर असतं, म्हणून भिंतीचं तापमान विचारल्याशिवाय पुढे बोलूच नये. बाहेरची हवा ३२ अंश, आर्द्रता ६० टक्के, ऐकायला छानच. पण तिचा दवबिंदू २३ च्या आसपास येतो, आतली भिंत २१ अंशाला असेल तर पंखे लावून तुम्ही ते पाणी आणून भिंतीवर जमवताय, फ्रीजमधल्या बाटलीला बाहेर काढल्यावर घाम फुटतो तसंच. उलट गुहा १३ अंशाला, आर्द्रता ९८ टक्के, भिंतही १३ ला, तर दवबिंदू १२.७, म्हणजे थेंब धरायचा नाही. ९८ वाचून घाबरायचं आणि ६० वाचून निवांत व्हायचं, सगळं उलटंच!

भिंतीवर पाणी जमलं की काय होतं ते बघा. फ्रान्समधली लास्को, आदिमानवाच्या चित्रांची गुहा, १९४८ ला लोकांसाठी उघडली आणि १९६३ ला बंद करावी लागली. माणसाचा श्वास कोमट, वाफेने भरलेला, त्यात कार्बन डायऑक्साइड, तो गार चुनखडीवर जमला की सौम्य आम्ल होऊन दगड विरघळवतो आणि वायू निसटला की तोच चुना पांढऱ्या थराने चित्रावर बसतो. हिरवं शेवाळ आलं ते वेगळंच.

आता टक्का बिनकामाचा असंही नाही. चीनमधल्या मोगाओ गुहांमध्ये चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत आणि गिलाव्यात क्षार आहेत, ते दवबिंदू गाठायच्या कितीतरी आधीच हवेतलं पाणी ओढून घेतात, मग सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून तिथे ६२ टक्क्यांच्या वर गेलं की गुहा पर्यटकांना बंद. अजिंठ्याचा गिलावाही मातीचाच, तेव्हा तिथल्या चर्चेत लास्कोचे दाखले आणण्याआधी जरा थांबा.

डीह्युमिडिफायरचं पण तेच, ओल्या दगडासमोर हवा कोरडी केली की दगड आतलं पाणी पृष्ठभागाकडे सोडतो, सोबत क्षार येतात आणि नेमके रंगाखाली साचतात. आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर वायरिंगला सोयीचा म्हणून दाराजवळ बसवलेला असेल तर तो आकडा दाराजवळच्या हवेचा झाला, भिंतीचा नाही.