गाडीतल्या अ‍ॅम्पचा (स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकू नका
"30 अँपिअरचा उडतोय ना, मग 60 चा टाक" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चुकीचंय. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवायला असतो, मोठा टाकला तर फ्यूजच्या आधी वायरच वितळते, गाडी पेटू शकते हो! आधी स्पीकरच्या आणि आरसीए वायरी (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या) काढा, फक्त प्लस, अर्थ (बॉडीला जोडलेली मायनस वायर), रिमोट (स्टिरिओबरोबर अ‍ॅम्प चालू करणारी बारीक वायर) ठेवा. तरी उडला तर बहुतेक आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेत, सरळ रिपेअरला न्या. प्लस-मायनस उलटे जोडले गेले नाहीत ना तेही बघा. नाही उडला तर दोष बाहेर आहे, माझ्या गाडीत दाराच्या बिजागरीपाशी स्पीकरची वायर सोलून तांबं पत्र्याला टेकत होतं, गाणी चालू असताना दार उघडलं की फ्यूज गेलाच, नवी वायर रबरी नळीतून ओढली तेव्हा थांबलं.