मुंबईचं सागरी शोध व बचाव समन्वय केंद्र (एमआरसीसी)

वरळीला तटरक्षक दलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे, तिथेच हे केंद्र चोवीस तास चालतं. अरबी समुद्रात कोणाची बोट बुडायला लागली, आग लागली, माणूस पाण्यात पडला की हाक इथे येते. भारतात अशी मुख्य केंद्रं तीनच, मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), आणि तिघांच्या वाट्याला मिळून जवळपास ४६ लाख चौरस किलोमीटर पाणी येतं, म्हणजे आपल्या देशाच्या जमिनीपेक्षा बरंच जास्त.

खूप जणांना वाटतं की इथे बोटी तयार उभ्या असतात आणि फोन आला की सुटतात. तसं नाहीये. केंद्राचं काम म्हणजे ऐकायचं, जागा नक्की करायची आणि जो सगळ्यात जवळ असेल त्याला पाठवायचं, मग ते तटरक्षक दलाचं जहाज असो, नेव्हीचं असो, दमणहून उडणारं हेलिकॉप्टर असो नाहीतर तिथूनच चाललेलं एखादं परदेशी मालवाहू जहाज. यासाठी ‘इंडसार’ नावाची पद्धत आहे, जहाजं आपणहून आपली जागा कळवत राहतात त्यामुळे कोण कुठे आहे ते आधीच माहीत असतं.

तटरक्षक दल मुळात बचावासाठी म्हणून निघालं नव्हतं. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती, त्यात १९७४ ला मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल सापडलं, मग रुस्तमजी समितीने वेगळं दल हवं असं सांगितलं. १ फेब्रुवारी १९७७ ला सुरुवात झाली ती नेव्हीकडून आलेल्या दोन फ्रिगेट (युद्धनौका) आणि पाच गस्ती बोटींवर, कायदा १९७८ चा. पण त्याच कायद्यात संकटातल्या मच्छीमारांना मदत करणं हेही कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि माझ्या मते कोळीवाड्यात दलाची खरी ओळख त्यामुळेच आहे.

काम कसं चालतं ते प्रसंगांवरून नीट कळतं. ४ ऑगस्ट २०११ ला ‘आरएके कॅरियर’ हे कोळसा भरलेलं जहाज मुंबईसमोर बुडालं, ऐन पावसाळ्यात, तरी ३० च्या ३० जण वाचले. जून २०२१ मध्ये रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे जहाज बुडायला लागलं तेव्हा दिघीहून ‘सुभद्रा कुमारी चौहान’ हे जहाज निघालं, दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टर आली आणि १६ जणांना सुखरूप काढलं. पण त्याच्या महिनाभर आधी तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायचा मोठा तराफा, नांगर तुटून वाहत गेला, बहुतेक बचाव नेव्हीने केला, २६१ पैकी १८६ वाचले. बाकीच्यांचा आकडा आजही वाचायला धीर होत नाही.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. पोरबंदरहून इराणला निघालेली ‘अल पिरानपीर’ ही बोट बुडाली, १२ खलाशी छोट्या डिंगीत, आणि ती जागा पाकिस्तानच्या शोधक्षेत्रात, म्हणजे जिथे शोध-बचावाची जबाबदारी त्यांची. मुंबईच्या केंद्राने पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेशी बोलणं चालू ठेवलं, त्यांनीही मदत केली, ‘सार्थक’ जहाजाने बाराही जणांना उचललं. जमिनीवर एवढं वैर असताना समुद्रात हे होऊ शकतं.

सगळ्यात अवघड काय असेल तर माणूस कुठे आहे ते शोधणं, कारण पाण्यातला माणूस एका जागी थांबत नाही, वारा आणि प्रवाह त्याला नेत राहतात. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने ‘सारात’ हे साधन बनवलंय, शेवटची जागा आणि वेळ दिली की आता कुठे शोधावं ते नकाशावर दिसतं. छोट्या बोटींसाठी संकटाचा इशारा देणारं इस्रोचं डॅट यंत्र आहे, बटण दाबलं की संदेश उपग्रहावरून बंगळुरूला आणि तिथून बचाव केंद्राकडे. जुन्या यंत्रात संदेश पोचला की नाही ते बोटीवर कळायचंच नाही, २०२४ मध्ये आलेल्या नव्यात उलट निरोप येतो. अंधारात लाटा अंगावर येत असताना “पोचलं” एवढं कळणं किती मोठी गोष्ट आहे ते बोट चालवणारा तांडेलच सांगू शकतो.

मदत मागायला मोबाईलला रेंज असेल तर १५५४ हा फुकट नंबर, नाहीतर वायरलेसवर चॅनेल १६. बोलताना आधी जीपीएसवरचे आकडे सांगायचे, जीपीएस बंद पडला असेल तर कुठल्या बंदरातून किती वाजता निघालात आणि किती वाव (पाण्याची खोली मोजायचं माप) पाण्यात आहात ते, मग बोटीवर माणसं किती. बोट कोणाची वगैरे नंतर.