उतारावर न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं? नाही हो!

उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं, असं अजून कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात यात थोडंफार तथ्य होतं. पण हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच बंद करतो, चाकंच इंजिनला फिरवत राहतात आणि पेट्रोल जातं शून्य. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण १२००-१५०० च्या खाली आला की इंजेक्टर परत चालू होतात. न्यूट्रलला मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं, लहान गाडीतही तासाला अर्धा-पाऊण लिटर.

आता अगदी हलक्या उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि परत रेस द्यावी लागते, तिथे न्यूट्रलने थोडं वाचेलही, खोटं कशाला बोला. पण घाटात? इंजिन ब्रेकिंग (गिअरमधलं इंजिन गाडीला जो आवर घालतं तो) गेलं, सगळा भार ब्रेकवर, आणि ते तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग तर वेगळेच! दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड.