वाळूत नांगर कसा रुततो

तारकर्लीहून पुढे देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीच्या वेळी काठालगतचे पाणी इतके उथळ होते की होडीतून वाकून पाहिल्यास तळाच्या वाळूवरच्या वळ्या मोजता येतात. अशा पाण्यात नांगर टाकणे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण होडी थोपवायची तर नांगर तळाला टेकून भागत नाही, तो रुतावा लागतो, आणि तो रुतेल की घसरेल हे त्याच्या वजनापेक्षा दोर कोणत्या कोनात ओढला जातो यावर जास्त अवलंबून असते.

केवळ वजनावर भिस्त ठेवणारे दगडी नांगर आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार वापरात होते. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाच्या परिसरातील समुद्रतळाशी ते सापडलेही आहेत. मात्र बेसॉल्टचा २० किलोचा दगड पाण्यात गेला की त्याचे वजन जेमतेम १३ किलो भरते. लहान होड्यांवर सर्रास दिसणारा चार आकड्यांचा लोखंडी नांगर खडकाच्या कपारीत छान अडकतो; मोकळ्या वाळूतून मात्र त्याच्या बारीक सळया केसांतून कंगवा फिरावा तशा निघून येतात. वाळूला रुंद पाते लागते.

मराठीत शेतातल्या अवजाराला आणि होडीच्या अवजारालाही आपण नांगरच म्हणतो, आणि या दोहोंचा मेळ खरोखर घालणारा माणूस केंब्रिजचा होता. द्रवांच्या गतीवरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले आणि स्वतः शिडाची होडी हाकणारे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी १९३३ मध्ये शेतातल्या नांगराच्या फाळासारखा नांगर तयार केला. त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते, कारण नांगर जड करण्याऐवजी ओढला जाताच तो आपणहून खाली कसा शिरेल, याचा विचार त्यांनी केला.

खाली शिरलेल्या पात्याला वाळू का धरून ठेवते, हे पुळणीवर उभ्या उभ्या पाहता येते. ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल दाबले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकट आणि कोरडी दिसते. पाणी पिळून बाहेर गेले असावे असे वाटते, पण घडते उलटेच. एकमेकांत गच्च बसलेले कण सरकण्यासाठी एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या गुणधर्माचे विवेचन केले. पात्यावर एकाएकी ताण आला तर तेवढे पाणी लगेच आत शिरू शकत नाही, कणांमधल्या पाण्याचा दाब घटतो, कण एकमेकांवर अधिकच दाबले जातात आणि वाळू आवळते. शिवाय पाते जितके खोल, तितका त्यावरच्या वाळूचा भार जास्त.

हे सगळे दोर जवळजवळ आडवा ओढला जात असेल तरच. पाण्याच्या खोलीच्या दुप्पट दोर सोडला तर ताणलेला दोर तळाशी ३० अंशांचा कोन करतो आणि पात्याला वर उचलू लागतो. पाचपटीला हा कोन साडेअकरा अंशांवर येतो, सातपटीला सुमारे आठ. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी जोडली की तिच्या वजनाने ओढ आणखी तळालगत राहते. उथळ पाण्यात हिशेब हमखास चुकतो तो इथेच: पाणी दोन मीटर, म्हणून दहा मीटर दोर पुरे, असे वाटते. पण नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्यापासून अर्धा मीटर वर असते, आणि उधाणाच्या दिवसांत मालवणच्या बाजूला भरतीने पाणी साधारण दोन मीटर चढते. म्हणजे खोली साडेचार मीटर धरावी लागते आणि सातपटीने दोर होतो एकतीस मीटरांहून जास्त. मुंबईकडे भरती याहून मोठी, म्हणून दोरही अधिक.

पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून, त्यामुळे होडी नांगराभोवती अर्धे वर्तुळ फिरते. पाते उलटून सुटण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो. म्हणून वारा पालटल्यावर किनाऱ्यावरची दोन झाडे एका रेषेत धरून पाहावीत. ती रेषा सरकत राहिली तर नांगर घसरतो आहे.

नांगर काढताना होडी त्याच्या थेट वर आणून दोर उभा करावा आणि आवळून बांधावा. एकदम हिसका दिल्यास वाळू पुन्हा आवळते. सावकाश ताण ठेवला, तर लाटांवर नाळ वरखाली होत असताना पात्याखाली पाणी झिरपते आणि नांगर सुटून वर येतो.