मूठभर पेशी आणि घोडीचा माज

खटाव, माण, वाळवा, कुठेही जा. संकरित गाय दोन-तीनदा भरवूनही उलटली, की पुढच्या खेपेला डॉक्टर रेतनाबरोबर बऱ्याचदा एक इंजेक्शन देतात. त्यात बहुधा बुसेरेलीन असते. अडीच मिलिलिटरमध्ये औषध अवघे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये लाखभर गाई होतील. चारशे किलोच्या जनावराला एवढ्याशाने काय होणार, असे वाटते खरे. पण ज्या संप्रेरकाची ही नक्कल आहे ते मेंदूही असेच चिमटीने सोडतो.

त्या संप्रेरकाचे नाव जीएनआरएच. दहा अमिनो आम्लांची लहानशी साखळी. अँड्र्यू शॅली आणि रॉजे गिलमँ या दोन हाडवैरी स्पर्धकांच्या चमूंनी 1971 मध्ये तिची रचना उलगडली, एकाने डुकरांच्या आणि दुसऱ्याने मेंढ्यांच्या मेंदूंतून. कत्तलखान्यांतून मेंदू लाखांच्या हिशेबाने आणावे लागले. 1977 चे नोबेल दोघांना एकत्रच घ्यावे लागले.

एवढे मेंदू का लागले, तर हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशीच मुळात थोड्या. उंदरात सुमारे आठशे, माकडात आणि माणसात हजार-दोन हजार. त्याही एका जागी नाहीत, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसच्या आसपास विखुरलेल्या. त्यांचा जन्म तर मेंदूत होतच नाही. गर्भ लहान असताना त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या चेतातंतूंचा माग धरून मेंदूत शिरतात. 1989 मध्ये उंदरांच्या गर्भात हा प्रवास दिसला आणि कालमन सिंड्रोम या विकाराचा उलगडा झाला. त्यात मुलाला वास येत नाही आणि ते आपणहून वयातही येत नाही. वाट मोडली, की दोन्ही गोष्टी अडतात.

पण खरी गंमत आहे ती या पेशींच्या तालात. अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेने 1978 मध्ये माकडांवर दाखवले, की जीएनआरएच तासाला एकदा थोडे थोडे दिले तर पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची, बीज सोडायला लावणारी संप्रेरके रक्तात सोडणारी ग्रंथी, नीट काम करते. तेच सलग सोडत राहिले तर काही दिवसांत ती गप्प होते. आपल्याकडे कालव्याचे पाणी पाळीने येते म्हणून ऊस उभा राहतो. पाट बारा महिने चालू ठेवला तर तोच ऊस पिवळा पडेल.

हा ताल जिवंत जनावरात मोजायचा कसा? जीएनआरएच पिट्युटरीपर्यंत जाते आणि पुढे रक्तात इतके पातळ होते की मानेच्या शिरेत ते हाती लागत नाही. इथे घोडी कामी आली. न्यूझीलंडमध्ये क्लिफर्ड अर्विन आणि सुझन अलेक्झांडर यांनी 1987 मध्ये एक पद्धत मांडली. घोडीच्या चेहऱ्यावरच्या शिरेतून बारीक नळी आत सरकवत थेट पिट्युटरीतून बाहेर पडणाऱ्या रक्तापर्यंत न्यायची. कवटी उघडायची नाही. घोडी शुद्धीवर, आपल्या पायांवर उभी, आणि दर काही मिनिटांनी नमुना घेणे चालू. माजाच्या दिवसांत जीएनआरएचची स्पंदने पाठोपाठ येतात, माज सरला की दोन स्पंदनांत तासन्‌तास जातात. घोडीचे आणखी एक वेगळेपण आहे. गाईत बीज सुटण्याआधी एलएच या पिट्युटरीच्या संप्रेरकाची लाट झटकन येऊन ओसरते. घोडीत ती कित्येक दिवस चढत राहते आणि बीज सुटून गेल्यावर शिखर गाठते!

तालाचा हिशेब चुकला की काय होते, तेही घोड्यांच्या पैदासकारांनी पाहिले आहे. बीज वेळेवर सुटावे म्हणून डेस्लोरेलीन या जीएनआरएचच्याच दुसऱ्या नकलेची गोळी कातडीखाली बसवत. बीज सुटे, पण गोळी तिथेच राहिली आणि घोडी गाभण ठरली नाही, तर पुढचा माज लांबे. मग ती काढून टाकायची पद्धत पडली.

या पेशींना वेळ कोण सांगते? मुख्यतः त्यांच्या शेजारच्या किसपेप्टीन पेशी; घोडीतही त्या सापडल्या आहेत. दिवस किती लांब, अंगावर चरबी किती, ही खबर बरीचशी त्यांच्यामार्फत जाते. घोडी दिवस वाढू लागले की माजावर येते, थंड मुलखातली मेंढी दिवस लहान होताना. घोडीचा गर्भ अकरा महिन्यांचा, मेंढीचा पाच. त्यामुळे दोघींची पिल्ले वसंतातच जन्मतात. उत्तर गोलार्धात थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या शिंगराचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून ते वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावे यासाठी थंड देशांत हिवाळ्यात तबेल्यांत दिवे लावून घोडीसाठी सोळा तासांचा दिवस करतात. हल्ली तर एकाच डोळ्यावर निळा उजेड टाकणारा मुखवटाही घालतात.

इंग्लंडमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा आणि जूनचा साडेसोळा. साताऱ्यात हा फरक सुमारे दोन तासांचा. एवढ्या फरकात उजेडापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा ठरत असावा, असे मला वाटते. अंगाने भरलेल्या घोडीचा माज हिवाळ्यातही पुष्कळदा चालू राहतो, फासळ्या निघालेलीचा थांबतो. तेव्हा कोकणात ओझी वाहून परतलेली माणदेशातल्या धनगराची घोडी माज दाखवत नसेल, तर आधी तिच्या चंदीकडे पाहावे.