भाकर, कण्या आणि वजनाचा काटा

गेल्या पोळ्याला मामीकडे गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पलीकडे तिचं गाव. ओसरीवर नीट बसलोही नव्हतो, तोच तिनं गाऱ्हाणं मांडलं. "भात सोडला, साखर सोडली, दोन्ही टाइम ज्वारीचीच भाकर चालू हाये. तरी काटा खाली येत नाही. असं कसं रे?"

कुणीतरी तिला सांगितलं होतं की ज्वारीचा 'जीआय' कमी असतो, ती खाल्ली की वजन उतरतं. जेवायला बसल्यावर तिचं ताट पाहिलं. तीन भाकरी, वाटीभर पातळ वरण, चमचाभर वांग्याची भाजी, ठेचा. चार वाजता चहाबरोबर चार टोस. दिवेलागणीला भूक लागली म्हणून मुरमुरे. मामीचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिला जे सांगितलं गेलं ते अर्धवट होतं.

जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. ही कल्पना १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती मधुमेही लोकांच्या आहारासाठी होती, वजनासाठी नव्हे. ज्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ माणसाला खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर किती चढली, किती वेळ चढलेली राहिली, हे मोजायचं. तेवढंच ग्लुकोज दिल्यावर जे होतं त्याला १०० मानायचं आणि पदार्थाला त्या मापात बसवायचं. ५५ किंवा त्याखाली आला तर कमी, ७० किंवा वर गेला तर जास्त.

साखर चढण्याचं इतकं कौतुक कशाला, तर आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. चहाचा एक चमचा म्हणा. आणि ताटभर भातातून पन्नास-साठ ग्रॅम आत येतं. ते सावकाश आलं तर शरीर येईल तसं वापरतं, साठवतं. लोंढ्यानं आलं तर स्वादुपिंडाला भरपूर इन्सुलिन सोडावं लागतं. इन्सुलिन साखर पेशींत लोटतं आणि ते चढलेलं असेपर्यंत साठलेली चरबी बाहेर पडणं मंदावतं. काही जणांत मग दोन-तीन तासांनी साखर मूळ पातळीच्याही खाली घसरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,०७० लोकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची घसरण मोठी, त्यांना भूक लवकर लागली आणि त्यांनी दिवसभरात सरासरी ३०० च्या वर कॅलरी जास्त खाल्ल्या. मामीचे चार वाजताचे टोस आणि दिवेलागणीचे मुरमुरे मला इथे दिसतात.

आता ज्वारीकडे येऊ. जीआय हा धान्याच्या जातीवर मारलेला शिक्का नाही. तो त्या धान्याचं आपण काय केलं यावरही ठरतो. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात मैद्याच्या ब्रेडचा आकडा ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या ब्रेडचा ७४! कोंडा असूनही फरक पडला नाही, कारण दाणा दळून बारीक झाला होता. दाण्याचं आवरण आणि पेशींच्या भिंती शाबूत असल्या की पाचकरसाला आतल्या पिठापर्यंत पोचायला वेळ लागतो. चक्कीत ते काम आधीच उरकलेलं असतं. भाकर पिठाचीच. ज्वारीतली प्रथिनं शिजताना पिठाच्या कणांभोवती आवळतात आणि पचन थोडं मंदावतं हे खरं, तंतुमय भागही आहे, पण तरी भाकर हरभऱ्याच्या जवळपास जात नाही. त्याच तक्त्यात हरभरा २८ वर आहे, मसूर ३२ वर, पांढरा भात ७३ वर, उकडलेला बटाटा ७८ वर. आणि सोयाबीन १६ वर. ज्या पिकानं आपल्या वावरांतून ज्वारी हुसकली, ते आपण पोत्यांनी विकतो आणि ताटात क्वचितच घेतो.

माझी आजी ज्वारीच्या कण्या करायची. ज्वारी जात्यावर भरडायची, रटरट शिजवायची आणि अंबाडीची भाजी नाहीतर ताक घालून खायची. भरडलेला जाड दाणा पिठापेक्षा हळू पचतो आणि आंबट पदार्थ सोबत असला की जेवण पोटातून पुढे जायचा वेग कमी होतो. घुगऱ्या, बरबटीची उसळ, पोपटाच्या शेंगा या सगळ्यांत दाणा अख्खाच राहतो. सकाळी डाळी-कडधान्यं खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते, हे जेन्किन्स यांच्याच गटानं १९८० च्या दशकात दाखवलं. वावरात जाताना फडक्यात घुगऱ्या बांधून नेणारी माणसं हे संशोधन न वाचताच जगत होती. अर्थात ती दिवसभर डवरणी, निंदण, वेचणीही करत होती. आता तणनाशक आणि ट्रॅक्टरनं ते कष्ट कमी केले (आणि ते कमी झाले याचा मला आनंदच आहे), पण ताटातल्या भाकरींची संख्या तीच राहिली.

जीआय पदार्थाचा वेग सांगतो, प्रमाण सांगत नाही. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टरबुजाचा जीआय ७६ आहे म्हणून कुणी उन्हाळ्यात फोड नाकारू नये. एका फोडीत मुळात कर्बोदकं पाच-सहा ग्रॅमच, बाकी पाणी. दुसरीकडे बटाट्याच्या तळलेल्या चिप्सचा जीआय उकडलेल्या बटाट्याहून कमी भरतो, कारण तेलामुळे पचन रेंगाळतं. म्हणून चिप्सनं वजन उतरत नाही. जीआयला कर्बोदकांच्या ग्रॅमनी गुणून शंभरानं भागलं की 'ग्लायसेमिक लोड' मिळतो. मामीच्या एका भाकरीत अंदाजे ४० ग्रॅम कर्बोदकं धरली तर तिनांची १२० होतात. भाकरीचा आकडा काहीही धरा, इतक्या प्रमाणावर लोड मोठाच येणार.

धानपट्ट्यातल्या वाचकांना, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, भात सोडा असं सांगण्यात काही अर्थ नाही. सगळा भात सारखाही नसतो. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये २३५ वाणांची मोजणी जाहीर केली. आकडे ४८ पासून ९२ पर्यंत पसरले होते, आणि कमी जीआयच्या वाणांत आपल्याकडे ओळखीचा 'स्वर्णा' होता. ज्या तांदळात अमायलोज हे सरळ साखळीचं पिष्ट जास्त, तो मोकळा शिजतो आणि हळू पचतो. चिकट, आसट भात लवकर पचतो. उकडा तांदूळही साध्यापेक्षा बरा. भात शिजवून थंड केला की त्यातल्या पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. पण शिळा भात तासन् तास उघड्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात तर नकोच.

मग वजन उतरतं का? थोडं. २०१० मध्ये युरोपातल्या आठ देशांत झालेला डायोजेनिस नावाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी कडक आहारानं वजन घटवलेल्या ७७३ जणांना पोटभर, पण वेगवेगळ्या प्रकारचं जेवण २६ आठवडे दिलं. कमी जीआयच्या गटांचं वजन जास्त जीआयवाल्यांपेक्षा सुमारे एक किलोनं कमी परतलं. प्रथिनं जास्त आणि जीआय कमी, ही जोडी सगळ्यांत टिकली. पुढच्या वर्षांत बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा नुसता जीआय बदलून वजनात फारसा फरक पडत नाही, असंही दिसलं. वजन शेवटी खाल्लं किती आणि खर्चलं किती यावरच जातं. कमी जीआयचा उपयोग एवढाच की भूक आवरते, आणि कमी खाणं सोसवतं. उपाशीपोटी निर्धार करून कोणी चार महिने काढलेले मी पाहिले नाहीत.

आपली खरी अडचण रेशनच्या पोत्यात आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो गहू-तांदूळ मिळतो, २०२३ पासून फुकट. त्यानं घरोघरची चूल पेटती राहिली, हे विसरता येणार नाही. पण तूरडाळ विकत घ्यावी लागते, म्हणून वरण पातळ होतं आणि पोट धान्यानं भरतं. ज्या जिल्ह्यांत तूर पिकते तिथेच! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलं की धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी घेऊ नयेत. ज्वारी परत पेरावी म्हटलं तर रानडुकरं आणि पाखरं उभं पीक ठेवत नाहीत, हे वावरात राहणाऱ्याला सांगायला नको.

मामीला मी भाकर सोड म्हटलं नाही. तीनच्या दीड कर, वरण घट्ट कर, भाजीची वाटी भर, टोसांच्या जागी मूठभर भिजवून उकडलेले हरभरे घे, एवढंच सांगितलं. मामाला मधुमेहाची गोळी चालू आहे. त्याच्या भाकरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नको, साखर एकदम खाली जाऊ शकते, हे दोनदा बजावलं.

"आन् पंगतीत?" तिनं विचारलं. दिवाळीनंतर घरचंच लग्न होतं.

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ मधुमेही लोकांना एकच जेवण दोन क्रमांनी देऊन पाहिलं होतं. भाजी आणि प्रथिनं आधी, ब्रेड शेवटी, असं जेवल्यावर तासाभरानं मोजलेली साखर उलट क्रमापेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. मी तिला म्हटलं, पंगतीत आधी वांग्याची भाजी आणि वाटीभर वरण संपव, मग पोळी घे. भातवाला आला की एकच वाढी घे, आणि बुंदी खायचीच असली तर अगदी शेवटी.

"वरणाची वाटी दोनदा मागितली तं वाढपी हासतीन," मामी म्हणाली. मग जरा विचार करून, "हासू दे. लग्न आपल्याच घरचं हाये."