स्वादुपिंडविकारातील दाहसूचक रक्तघटक

स्वादुपिंडात दाह सुरू झाला की रक्तातील काही प्रथिने आणि पेशींचे प्रमाण बदलते. त्यावरून दाहाची तीव्रता जोखता येते, म्हणून त्यांना दाहसूचक म्हणतात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणजेच सीआरपी, इंटरल्यूकिन-६, प्रोकॅल्सिटोनिन आणि पांढऱ्या पेशी हे त्यांतले प्रमुख. अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची पाचक विकरे (एन्झाइम) यांत मोडत नाहीत. त्यांची पातळी सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वाढली तर तीव्र स्वादुपिंडदाहाच्या निदानाला आधार मिळतो, पण लायपेजचा आकडा मोठा म्हणून आजारही मोठा, असे मुळीच नसते. तीव्रता कळते ती दाहसूचकांवरून.

तीव्र दाहात ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर ग्रंथीतच सक्रिय होऊन तिथल्या पेशी नष्ट करू लागते. धावून आलेल्या संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवते. या साखळीला वेळ लागतो. इंटरल्यूकिन-६ पहिल्याच दिवशी चढते, सीआरपी मात्र ४८ ते ७२ तासांनी शिखर गाठते. त्यामुळे पोटात कळ आल्यावर चार-सहा तासांत घेतलेल्या नमुन्यात सीआरपी जवळपास सामान्य आले, तरी त्यावर विसंबून राहू नये. ४८ तासांनंतर ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता धरतात. अहवाल वाचताना एककही पाहावे: काही प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये आकडा देतात, आणि तिथे हीच पातळी १५ अशी दिसते.

सीआरपी १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. ते जंतुसंसर्गात वाढते तसेच निर्जंतुक दाहातही वाढते. म्हणून केवळ वाढलेल्या सीआरपीवरून प्रतिजैविके सुरू करणे योग्य नाही. मृत ऊतींत संसर्ग झाला आहे का, या प्रश्नावर प्रोकॅल्सिटोनिन अधिक उपयोगी ठरते.

जुनाट स्वादुपिंडदाहात हे सगळे आकडे बहुधा सामान्य असतात. रुग्ण वेदनेने वाकलेला आणि अहवाल स्वच्छ, असे वारंवार घडते. त्या अहवालावरून दुखणे मनाचे ठरवणे हा रुग्णावर अन्याय आहे. स्वप्रतिरक्षित प्रकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावरच उलटते तेव्हा, आयजीजी-४ हे प्रतिपिंड अनेकदा वाढलेले असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांतही ते थोडेफार वाढते, त्यामुळे गाठ दिसत असताना केवळ त्याच्या भरवशावर स्वप्रतिरक्षित प्रकार मानून स्टेरॉइड देणे धोक्याचे.

कर्करोगात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, तसेच वाढलेले सीआरपी आणि घटलेले अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन मिळून होणारा ग्लासगो गुणांक रोगाचा पुढचा अंदाज देतात, निदान करत नाहीत. सीए १९-९ हा अर्बुदसूचक, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढणारा घटक, पण पित्तनलिका तुंबून कावीळ झाली की कर्करोग नसतानाही तो चढतो. म्हणून पित्ताला वाट करून दिल्यावर, कावीळ आणणारे बिलिरुबिन हे रंगद्रव्य उतरले की त्याची पुन्हा तपासणी करतात.